गुळवेल: ओळखण्यापासून सत्त्व आणि घन काढण्यापर्यंत

कोयता लावण्याआधी गुळवेलीची साल नखाने खरवडून पाहावी. वरचा करडा-तपकिरी पापुद्रा कागदासारखा सुटून येतो आणि खाली हिरवी, ओलसर साल दिसते. हा हिरवा रंग दिसला नाही तर तिथेच थांबायचं. दिसला तर खोडाचा एक तुकडा आडवा कापायचा. मधून कडेकडे जाणारे आरे दिसतात, बैलगाडीच्या चाकासारखे. संस्कृतात या वेलीला 'चक्रलक्षणिका' म्हणतात ते यावरूनच. 'छिन्नरुहा' हे तिचं दुसरं नाव, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. लावणी करताना हे नाव शब्दशः खरं ठरतं. गुडूची, अमृता, गरुडवेल ही नावं बहुतेकांना माहीत असतात. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया.

खुणा एकेक करून

पान हृदयाच्या आकाराचं असतं. पिंपळपानाची आठवण होते, पण पिंपळासारखी लांब शेपटी टोकाला नसते. दोन्ही बाजू गुळगुळीत, लव नाही. देठ जिथे पानाला मिळतो तिथून साधारण सात शिरा पंजासारख्या पसरतात. देठ लांब असतो आणि खोडाला चिकटतो त्या बुडाशी फुगीर, किंचित पीळ पडलेला असतो. हा पीळ फार उपयोगाचा, कारण नुसत्या पानावरून फसणारा माणूसही तो पाहून सावध होतो.

जुन्या वेलीच्या फांद्यांवरून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली लोंबतात, कधीकधी थेट जमिनीपर्यंत. खोडावर पांढरट ठिपके असतात. ही वेलीची श्वासरंध्रं. कोवळ्या खोडावर ती सपाट असतात आणि जून खोडावर थोडी उठून येतात. थंडी सरताना पानं गळतात आणि त्या निष्पर्ण वेलीवर बारीक पिवळट-हिरवी फुलं येतात. नर आणि मादी वेल वेगवेगळी असते, त्यामुळे शेजारच्या वेलीला लाल, वाटाण्याएवढी फळं लागली आणि आपल्या वेलीला लागली नाहीत, एवढ्यावरून आपली वेल खोटी ठरत नाही.

आता फसवणाऱ्या वेली. सगळ्यात महत्त्वाची टिनोस्पोरा क्रिस्पा, गुळवेलीचीच सख्खी बहीण. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने या दोघींतला फरक मुद्दाम जाहीर केला होता, कारण बाजारात आणि बागांमध्ये त्यांची सरमिसळ होते. क्रिस्पाच्या खोडावर दाट, बोथट गाठी असतात, कारल्याच्या पाठीसारख्या. खोड हिरवं नसून करडं असतं आणि कापल्यावर दुधासारखा स्राव येतो. तिची फळं लांबट आणि नारिंगी असतात, गुळवेलीची गोल आणि लाल. फुलाला पाकळ्या तीन, गुळवेलीला सहा. जून गुळवेलीची उठलेली श्वासरंध्रं पाहून काहींना ती क्रिस्पा वाटते आणि उलटही होतं. म्हणून एका खुणेवर निर्णय नको. सालीखालचा हिरवा रंग, दूध नसणं, गाठी नसणं, गुळगुळीत पान आणि देठाचा पीळ ही पाचही लक्षणं जुळली तरच ती गुळवेल.

पानाच्या पाठीवर मखमली लव असेल तर ती टिनोस्पोरा सायनेन्सिस. ही गुळवेलीची जवळची जात असून तिचं खोडही गुळवेल म्हणून विकलं जातं. रानात आणखी तिघी भेटतात. वासनवेल गुळवेलीच्याच कुळातली, पण पानं लहान आणि लवदार. पाण्यात चुरगळली की पाणी थिजतं. पहाडवेलीचं पानही लवदार असतं आणि देठ पानाच्या अगदी कडेला न चिकटता थोडा आत चिकटलेला असतो. समुद्रशोकाचं मोठं हृदयाकृती पान मागून चंदेरी असतं आणि तोडल्यावर दूध निघतं. दूध निघणारी कुठलीही वेल गुळवेल नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

चावून पाहण्याची परीक्षा अजिबात करू नये. गुळवेल कडू असते हे खरं, पण क्रिस्पा तिच्याहूनही कडू असते. कडवटपणावर विसंबणारा माणूस नेमकी चुकीची वेल 'जास्त गुणकारी' म्हणून घरी नेतो.

कुठली वेल, केव्हा आणि किती तोडायची

कडुनिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानली जाते. गुळवेल बांडगुळासारखी नाही. तिची मुळं स्वतःची, जमिनीतली. झाडाचा रस ती शोषत नाही, फक्त त्याच्या आधाराने वर चढते. तरीही वैद्यांची ही पसंती जुनी आहे आणि कडुनिंबावरची वेल सहज मिळत असेल तर तीच घ्यावी. काजरा, कण्हेर असल्या विषारी झाडांवरची वेल मात्र घेऊच नये. तोडताना त्यांच्या सालीचे तुकडे, डहाळ्या, पानं भाऱ्यात मिसळतात, आणि नंतर कुटलेल्या मालातून ती वेगळी करता येत नाहीत. रस्त्याच्या कडेची, गटाराजवळची, फवारणी होणाऱ्या शेताच्या बांधावरची वेलही सोडून द्यावी.

औषधाला खोड लागतं. जाडी अंगठ्याएवढी हवी, म्हणजे दीड ते अडीच सेंटिमीटर. करंगळीएवढ्या कोवळ्या वेलीत पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी. काढ्याला ती चालते, सत्त्वाला चालत नाही. मनगटाएवढं जून खोड लाकडासारखं झालेलं असतं आणि कुटताना जीव काढतं. काढ्यासाठी लागेल तेव्हा लागेल तेवढी वेल तोडावी. सत्त्वासाठी आणि वाळवण्यासाठी मात्र पानगळीनंतरचे दिवस योग्य, कारण तेव्हा वेलीने साठवण खोडात केलेली असते. पावसाळ्यात तोडलेल्या वेलीचं सत्त्व हमखास कमी भरतं आणि वाळवण बुरसतं.

जमिनीपासून एक फूट खोड राखून, धारदार कोयत्याने तिरका काप द्यावा. बोथट कोयत्याने खोड चेचलं की बुंध्यात पाणी मुरतं आणि तो कुजतो. एका वेलीच्या सगळ्या फांद्या तोडू नयेत, तिसरा हिस्सा तरी ठेवावा. मुळासकट उपटणं हा शुद्ध नाश आहे, औषधात मूळ लागत नाही. झाडावर लोंबणारा वरचा भाग ओढून काढता आला नाही तर तसाच राहू द्यावा. तो बरेचदा नवी मुळं खाली सोडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जमीन गाठतो.

जंगलातून तोडायची असेल तर हक्काचा प्रश्न आधी सोडवावा. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे गौण वनउपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) गोळा करण्याचा हक्क तिथल्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींचा आहे. बाहेरच्या माणसाने ग्रामसभेला आणि वनखात्याला विचारल्याशिवाय कोयता चालवू नये. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून (वनउपज गोळा करून विकणाऱ्या आदिवासी गटांचं सरकारी योजनेतलं केंद्र) गुळवेलीचा मोठा व्यवसाय उभा केला आहे. घरच्यापेक्षा जास्त माल हवा असेल तर अशा गटांकडून घेणं हाच रास्त मार्ग. शिवाय त्यांची ओळख सहसा चुकत नाही.

ओली वापरा

आयुर्वेदात साधारण नियम असा की ओलं द्रव्य वापरायचं तर सुक्याच्या दुप्पट घ्यायचं. शार्ङ्गधर संहितेत या नियमाला काही अपवाद दिले आहेत. गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा अशी काही द्रव्यं नेहमी ओलीच वापरावीत आणि ओली आहेत म्हणून दुप्पट करू नयेत. घरी गुळवेल वापरणाऱ्याने हे वाक्य पाठच करावं. दारात वेल असताना वर्षभरापूर्वीचं चूर्ण विकत आणण्यात काही अर्थ नाही.

वाळवणं भागच असेल, समजा शहरात राहणाऱ्यांसाठी, तर वेल धुवून पापुद्रा खरवडावा, अडीच-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि जाड तुकडे उभे चिरावेत. न चिरलेला तुकडा बाहेरून खडखडीत होतो, आत ओल राहते आणि पंधरा दिवसांत मधोमध काळा पडतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जाळीवर किंवा बाजेवर एकेरी थरात पसरावेत आणि दिवसातून दोनदा हलवावेत. देशावर आठवडाभरात वाळतात, कोकणात दहा-बारा दिवस धरावे. तुकडा वाकवल्यावर कट्कन मोडला म्हणजे झालं. लवला तर अजून ओल आहे. चार-पाच किलो ओल्या वेलीची साधारण एक किलो सुकी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून सहा महिन्यांत संपवावी. चूर्ण एकदम करू नये. तुकडेच ठेवावेत आणि पंधरा दिवसांपुरते दळावेत, म्हणजे कीड आणि दमटपणा दोन्ही टळतं.

काढा आणि हिम

एका माणसाच्या एका वेळच्या काढ्याला २५ ग्रॅम ओलं खोड पुरे. अंदाजावर न जाता पहिल्यांदा काट्यावर तोलून घ्यावं. पापुद्रा काढून खलबत्त्यात चेचायचं, धागे सुटे होईपर्यंत. नुसते सुरीने काप करून टाकले तर पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. चेचलेली वेल ४०० मिली पाण्यात टाकून मंद ते मध्यम आचेवर उकळायची. भांड्यावर झाकण ठेवायचं नाही. आठवा हिस्सा, म्हणजे ५० मिली उरलं की गाळून कोमट प्यायचं. आच मोठी ठेवली तर पाणी दहा मिनिटांत आटतं आणि काढा पातळ, बेचव होतो. अर्धा-पाऊण तास लागणारच. काढा रोज ताजा करावा. सकाळचा संध्याकाळी आंबूस लागतो आणि दुसऱ्या दिवशीचा तर फेकूनच द्यावा.

पित्ताचा त्रास, हातापायांची आग, अंगात मुरलेला ताप यांत वैद्य हिम सांगतात. २५ ग्रॅम चेचलेली वेल १५० मिली पाण्यात रात्री मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात भिजत घालायची, सकाळी हाताने कुस्करून गाळायची. हिमात आच नसते, म्हणून वेल आणि पाणी दोन्ही स्वच्छ हवं. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्यावं.

कशाबरोबर घ्यायचं याची परंपरेत ठरलेली वाट आहे: वातात तुपाबरोबर, पित्तात खडीसाखरेबरोबर, कफात मधाबरोबर, मलावरोधात गुळाबरोबर, आमवातात सुंठीबरोबर आणि वातरक्तात (गाउटसारखी सांधेदुखी) एरंडेलाबरोबर. मध काढा कोमट झाल्यावरच घालावा. मधुमेही माणसाने गूळ, साखर आणि मध तिन्ही टाळावेत. सुक्या चूर्णाची आयुर्वेदीय औषधकोशातली मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्याच्या द्रव्याची २० ते ३० ग्रॅम. लोक न तोलता हातभर वेल उकळतात आणि महिनोन् महिने पितात. या मात्रांना त्याचा काहीही आधार नाही.

सत्त्व

गुळवेलसत्त्व म्हणजे खोडातला पिठूळ भाग पाण्यात उतरवून, निवळवून, वाळवलेला. नाचणीचं सत्त्व काढतात तोच मार्ग, पण इथे कष्ट दसपट आणि पदरात पडतं थोडं. दोन किलो ओल्या खोडातून चाळीस ते साठ ग्रॅम आलं तर काम उत्तम झालं असं समजावं. यापेक्षा फार जास्त भरलं तर त्यात चोथा गेला आहे.

सकाळी तोडलेली वेल त्याच दिवशी घ्यावी. माती जाईपर्यंत धुवावी, पापुद्रा पूर्ण खरवडावा. इथे कंटाळा केला तर सत्त्व शेवटपर्यंत मळकट राहतं, कारण तो बारीक तपकिरी भुगा कापडातून आरपार जातो. चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करून लाकडी मुसळीने किंवा पाट्यावर चेचावेत. मिक्सर वापरू नये. पाती गरम होतात, धाग्यांचा बारीक भुसा होतो आणि तो गाळताना अडवता येत नाही. भांडी स्टीलची, काचेची किंवा मातीची. लोखंडाच्या भांड्यात पाणी काळपट होतं आणि तो रंग सत्त्वावर बसतो.

चेचलेल्या वेलीच्या चौपट साधं थंड पाणी घालावं: दोन किलोला आठ लिटर. गरम पाण्याने काम पटकन होईल असं वाटतं, पण साठच्या पुढच्या तापमानाला पीठ फुगून खळ होते आणि मग काही केल्या खाली बसत नाही. थंडीत रात्रभर भिजवावं. एप्रिल-मेमध्ये चार ते सहा तासांच्या वर ठेवू नये, पाणी आंबतं. आंबट वास आणि बारीक बुडबुडे दिसू लागले की त्या घाण्याचं सत्त्व औषधाला वापरू नये.

भिजल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून मळायचं. हे मर्दन वीस मिनिटं ते अर्धा तास करावं लागतं. फेस येतो, पाणी दुधाळ-हिरवट होतं, धागे हाताला मोकळे लागतात. सत्त्वाचा सगळा हिशेब या अर्ध्या तासात ठरतो. कमी भरलं अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा मर्दनच कमी पडलेलं असतं. मग पंचाच्या किंवा मऊ धोतराच्या दुहेरी कापडातून गाळावं. चोथा पिळून पुन्हा एक-दोन लिटर पाण्यात मळून गाळला तर उरलेलंही बरंच निघतं.

गाळलेलं पाणी पसरट पातेल्यात झाकून ठेवावं आणि अजिबात हलवू नये. चार-सहा तासांत तळाशी पांढरा थर बसतो. वरचं कडू पाणी नळीने किंवा पातेलं अगदी हळू कलतं करून दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावं. हे पाणी सांडू नका, पुढे त्याचं काम आहे. पांढऱ्या थराच्या वर बहुधा हिरवट-तपकिरी बुळबुळीत साय असते. ती चमच्याने अलगद काढून टाकावी. राहिली तर वाळताना सत्त्व करडं पडतं आणि त्याला लवकर वास येतो.

आता धुणं. तळाच्या थरात एक लिटर स्वच्छ पाणी घालून ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं, पाणी काढायचं. एकदा धुतलं की मातकटपणा जातो, दुसऱ्यांदा धुतलं की रंग उजळतो. लोक मात्र चार-चार, पाच-पाच वेळा धुतात, कारण बाजारात पांढरंशुभ्र सत्त्व भारी मानलं जातं. गुळवेलीचा कडू भाग पाण्यात विरघळणारा आहे. प्रत्येक धुण्याबरोबर तो वाहून जातो आणि शेवटी हातात राहतं ते निव्वळ पीठ. आमचा सल्ला एकदा, फार तर दोनदा धुण्याचा. किंचित मळकट रंगाचं, जिभेवर हलकी कडसर चव ठेवणारं सत्त्व चकचकीत पांढऱ्यापेक्षा चांगलं.

तळाचा थर ताटात पातळ पसरून सावलीत वाळवावा, वर पातळ कापड टाकून. कोवळं ऊन चालतं. दुपारच्या रणरणत्या उन्हात ओला थर तापला तर कडेने काचेसारखा कडक होतो. एक ते दोन दिवसांत थराला भेगा पडतात आणि खपल्या सुटतात. त्या खलात घोटून वस्त्रगाळ कराव्यात आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भराव्यात. मात्रा अर्धा ते एक ग्रॅम, दुधातून, तुपातून किंवा मधातून, वैद्य सांगेल तशी.

विकतच्या सत्त्वात मका, बटाटा किंवा आरारूटचं पीठ मिसळण्याचा धंदा जुना आहे. आयोडीनचा थेंब टाकून पाहा, निळं झालं तर अस्सल, असं सांगितलं जातं. तो सल्ला निरुपयोगी आहे. आयोडीन कुठल्याही पिठाला निळं करतं, भेसळीच्या पिठालाही. चिमटीत दाबल्यावर कुरकुर वाजणं हीदेखील सगळ्याच पिठांची खूण. खरी तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली होते, कारण प्रत्येक वनस्पतीच्या पिठाचे कण वेगळ्या आकाराचे असतात. घरी एवढंच कळतं की पूर्ण बेचव आणि बर्फासारखं पांढरं सत्त्व संशयास्पद.

उरलेल्या पाण्याचा घन

घन म्हणजे आटवून घट्ट केलेला, वाळवलेला काढा. सत्त्वाचं निवळलेलं पहिलं पाणी आणि पिळलेला चोथा एकत्र उकळून गाळावं आणि पुढे दिल्याप्रमाणे आटवावं. फक्त घनच करायचा असेल तर एक किलो ताजी चेचलेली वेल चार लिटर पाण्यात घालून एक लिटर उरेपर्यंत आटवावी, गाळावी आणि गाळलेलं पाणी जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत पुन्हा मंद आचेवर ठेवावं. काकवीइतकं दाट होईपर्यंत अधूनमधून ढवळलं तरी चालतं. त्यानंतर हात थांबवायचा नाही. शेवटच्या दहा मिनिटांत घन बुडाला धरतो आणि करपलेल्या घनाचा वास कशानेच जात नाही. खात्री नसेल तर काकवीसारखा झाल्यावर पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर आटवावं. वेळ लागतो, पण करपत नाही. मग तेल न लावलेल्या ताटात पसरून उन्हात वाळवावा.

किलोभर ओल्या वेलीतून साधारण २५ ते ४० ग्रॅम घन मिळतो, काळपट तपकिरी आणि चांगलाच कडू. गोळ्या वळायच्या तर थोडं गुळवेलीचं चूर्ण मिसळून हरभऱ्याएवढ्या वळाव्यात. घन हवेतली ओल ओढतो, पावसाळ्यात गोळ्या एकमेकींना चिकटतात. बाटली लहान घ्यावी, गच्च भरावी. वैद्य देतात ती संशमनी वटी मुळात गुळवेलीच्या घनाचीच. ज्यांना खरोखर कडू गुण हवा आहे त्यांच्यासाठी सत्त्वापेक्षा घन सरस, असं स्पष्ट मत नोंदवायला हरकत नाही. घरच्या वापराला हे सगळं करता येतं. विकायचं असेल तर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो.

कोणी घेऊ नये

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाल्याचं त्यांनी मांडलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वेलीची ओळख नीट पटवली गेली नव्हती असा मुद्दा मांडला. हा वाद कुणाच्या बाजूने सुटतो याची वाट न पाहता काही गोष्टी पाळाव्यात. कावीळ किंवा यकृताचा कुठलाही आजार असलेल्यांनी, तसंच संधिवाताचा स्वप्रतिकारक प्रकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो), तसाच ल्यूपस, थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी गुळवेल स्वतःहून सुरू करू नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काढा थांबवून डॉक्टरांना सांगावं. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे बंद करावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, लहान मुलांनी वैद्याच्या सांगण्याशिवाय घेऊ नये. धडधाकट माणसानेही ठरावीक कारणासाठी, ठरावीक दिवस घ्यावी. लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून रक्ततपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांपासून गुळवेल लपवू नये.

दारात लावायची तर

ज्या वेलीची ओळख पक्की झाली आहे तिचीच फांदी लावा, म्हणजे ओळखीचा प्रश्न कायमचा मिटतो. जून-जुलैत पेन्सिलपेक्षा जाड खोडाचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे करावेत, प्रत्येकावर दोन-तीन पेरं हवीत. वरचं टोक आणि खालचं टोक यांत गल्लत होऊ नये म्हणून खालचा काप तिरका आणि वरचा आडवा द्यावा. उलटं लावलेलं खोड फुटत नाही किंवा फार रखडतं. तुकडे एक दिवस सावलीत ठेवून कापलेलं टोक सुकू द्यावं. ओलं टोक चिखलात गेलं की बुरशी लागून कुजतं, आणि लावणी वाया जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पिशवीत निम्मी माती, पाव वाळू, पाव शेणखत भरून एक पेर जमिनीत आणि उरलेली वर राहतील असं लावावं. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, दीड महिन्याने रोप जमिनीत हलवता येतं. पाणी साचणारी जागा सोडून कुठलीही जमीन चालते.

आधाराला कडुनिंब, आंबा, शेवगा चालतो, गच्चीवर जाळी चालते. लहान झाडावर सोडू नये; दोन पावसाळ्यांत ती त्याचा शेंडा झाकून टाकते. शेतात लावायची तर दोन्ही बाजूंनी तीन मीटर अंतर ठेवावं, हेक्टरी अकराशेच्या आसपास वेली बसतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या संत्रा-मोसंबीवाल्यांनी मात्र ही वेल बागेच्या बांधावर लावू नये. पिकत आलेल्या फळाला रात्री सोंड खुपसून रस शोषणारा जो पतंग फळगळ घडवतो, त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीच्या पानांवर वाढतात. म्हणूनच बागेभोवतीच्या या वेली काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. बाग असेल तर वेल घराजवळ, बागेपासून लांब लावावी आणि पानांवर अळ्या दिसल्या की वेचून नष्ट कराव्यात.

पहिल्या वर्षी कोयता लावू नये. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोड अंगठ्याएवढं होतं. पानगळ झाली की एक फूट बुंधा राखून पहिली तोड घ्यावी, कापाला दोन दिवस पाणी लागू देऊ नये आणि पुढच्या वर्षी त्याच बुंध्यातून आलेल्या फुटव्यांपैकी तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे खुडावेत. खुडलेल्या कोवळ्या पानांची भाजी करता येते.